सगळ्यात शेवटी उठणारा माणूस

घनश्याम ढोल्यांची आई शहाण्णवाव्या वर्षी वारली आणि त्याच महिन्यात दिग्रसमध्ये नागोराव वानखडे साधुपुरुष म्हणून ओळखले जाऊ लागले. या दोन गोष्टींचा संबंध नागोरावांच्या गुडघ्यांशी होता. पण ते फक्त दोघांना ठाऊक होतं, नागोरावांना आणि त्यांच्या बायकोला, कौसल्याबाईंना.

झालं असं, की तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला नागोराव घनश्यामकडे बसायला गेले. अंगणात मांडव, मांडवात सतरंजी आणि सतरंजीवर चाळीसेक माणसं. भिंतीकडेच्या सगळ्या जागा भरलेल्या. साठीच्या आतल्या माणसाला भिंत म्हणजे नुसती भिंत वाटते. सदुसष्टाव्या वर्षी ती नात्यातली वाटायला लागते. नागोरावांना मधोमध जागा मिळाली. बसताना काहीच अडचण आली नाही. बसण्याचं काम बरंचसं पृथ्वीच करते.

अर्ध्या तासानं पहिली तुकडी रामराम करून उठली. नागोरावांच्याही मनात उठायचं आलं. मनात आलं, पण पायापर्यंत पोचलं नाही. त्यांनी हळूच उजवा गुडघा दाबून पाहिला, डाव्या हाताचा रेटा दिला, कंबर दोन बोटं उचलली आणि परत ठेवून दिली. आजूबाजूला धरायला म्हणाल तर एक तांब्या होता आणि एक अनोळखी पाहुणा. तांब्याचा उपयोग नव्हता, आणि मयताच्या घरी अनोळखी माणसाला 'मले उचला' म्हणणं त्यांच्या मानात बसेना. एकतीस वर्षं एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून खिडकीमागे बसलेला माणूस तो. त्यांच्या एका शिट्टीवर पुसद गाडी हलायची. आता त्यांनाच कोणी हलवेना.

दुसरी तुकडी गेली. तिसरी गेली. साडेबाराला मांडवात फक्त नागोराव उरले, मान खाली घातलेले, डोळे मिटलेले. घनश्याम लोकांना पोचवून परत आला, तर हा बालपणीचा मित्र तसाच बसलेला. त्याचा बांध फुटला. तो वाकला आणि नागोरावांच्या गळ्यात पडला.

"नागोराव, माह्याजवळ सख्खा भाऊ बी इतका वेळ नाई बसला रे!"

नागोरावांनी संधी ओळखली. त्यांनी घनश्यामच्या मानेला घट्ट मिठी मारली, घनश्याम हुंदका देत सरळ झाला आणि त्याच्यासोबत नागोरावही उभे राहिले. गुडघ्यातून अशी कळ निघाली की त्यांच्याही डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. आत बायका म्हणाल्या, अशी दोस्ती पाहिली नाही.

घरी आल्यावर त्यांनी कौसल्याबाईंना खरं ते सांगितलं. त्या पदर तोंडात धरून इतक्या हसल्या की गॅसवरचं वरण उतू गेलं.

"हसून घे," नागोराव म्हणाले.

"हसून नाई राह्यली. पण पूजेले सोमवारी बसले अन् बुधवारी उठले, असं नोका करजा म्हंजे झालं."

इथपर्यंत गोष्ट घरातच होती. पण घनश्याम हा भूमी अभिलेखमधून निवृत्त झालेला मोजणीदार, शिवाय कॉलनीतल्या मंदिर समितीचा अध्यक्ष. त्यानं पंधरा दिवसांत अख्ख्या दिग्रसला सांगितलं, की खरं बसणं पाहायचं तर नागोरावांचं पाहा. मग बोलावणी सुरू झाली. तेरव्या, बारशी, वास्तू, भजनं. जिथे सतरंजी तिथे नागोराव. आणि नागोराव सगळीकडे शेवटी उठले. आर्णीच्या एका लग्नात तर पहिली पंगत उठली, दुसरी बसली, वाढप्यांनी नागोरावांपुढे पुन्हा वाढलं. दुसरी उठली, तिसरी बसली, पुन्हा वाढलं. मुलीच्या बापानं हात जोडून सांगितलं, "असा पाहुणा आमच्या मांडवात पहिल्यांदा आला." बुंदीचं नाव काढलं तरी त्यानंतर आठवडाभर नागोराव खोलीबाहेर जात.

तेव्हा त्यांनी ठरवलं. खाली बसल्यावर कोणाचाही, कशाचाही आधार न घेता उठायचं. एवढंच. एव्हरेस्ट नको, मॅरेथॉन नको, फक्त अडीच फूट चढाई.

ही गोष्ट गुप्त ठेवायची होती, म्हणून ती त्यांनी फक्त शेजारच्या बेबीताईंना विचारली, तेही 'माझ्या एका मित्राला' म्हणून. बेबीताई मोबाइलवर रोज चाळीस आरोग्याचे व्हिडिओ पाहतात आणि साठ पुढे पाठवतात. त्यांनी आधी निरगुडीचा पाला बांधायला सांगितला. नागोराव तीन दिवस काढ्यासारखे वास मारत हिंडले. मग लसूण घातलेलं तेल आलं. त्यानं गुडघ्यापेक्षा लुंगीला जास्त फरक पडला. मग बेबीताई म्हणाल्या, "तुमच्या मित्राले सांगा, उलटं चाला. जपानातले म्हतारे उलटेच चालतात."

जपानातल्या म्हाताऱ्यांच्या गल्लीतून सकाळी साडेसहाला दूधवाला जात नसावा. नागोराव पाठमोरे, मोजून पावलं टाकत निघाले, आणि सतराव्या पावलाला प्रेमसिंग राठोडच्या सायकलवर आदळले. सायकल पडली, कॅन उलटला, आणि दूध नालीकडे अशा डौलात निघालं जणू रोजचाच रस्ता.

प्रेमसिंग तांड्यावरून रोज सात किलोमीटर सायकल मारत दूध आणतो. वय विचारलं तर "पंच्याहत्तर, नाई तं अठ्याहत्तर" म्हणतो. तो आधी नागोरावांकडे धावला.

"साहेब, लागलं त नाई ना?"

"नाही नाही. तू कसा आलास मागून?"

"मी समोरूनच येत होतो. तुमीच मांगून आले."

मग प्रेमसिंग कॅन पाहायला उकिडवा बसला. बसल्या बसल्या त्यानं झाकण शोधलं, उरलेलं दूध मापलं, बिडी पेटवली, आभाळ पाहिलं, आणि एका हातात कॅन, दुसऱ्या हातात बिडी घेऊन सरळ उभा राहिला. भिंत नाही, गुडघ्यावर हात नाही, तोंडातून 'अगं आई' नाही. नागोराव त्याच्याकडे असे पाहत राहिले, जसा एखादा नापास मुलगा पहिल्या नंबरवाल्याच्या वहीकडे पाहतो.

"प्रेमसिंग, हे कसं जमते तुले?"

"काय?"

"हे उठणं."

प्रेमसिंगला प्रश्नच कळला नाही. फार वेळ विचार करून तो म्हणाला, "माह्या घरी खुर्ची नाई ना, साहेब."

हे उत्तर नागोरावांना लागलं. त्यांच्या घरी सोफा होता, जेवायचं टेबल होतं, देवाजवळसुद्धा स्टूल होता. निवृत्तीनंतरच्या नऊ वर्षांत ते जमिनीवर बसले असतील तर फक्त लोकांच्या.

शेवटी कौसल्याबाईंनी त्यांना सरकारी दवाखान्यात ढकललं. चिठ्ठीच्या खिडकीपुढे पन्नास माणसं, त्यात निम्मी ओळखीची. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "तक्रार?"

'उठता येत नाही' असं त्या गर्दीत सांगणं म्हणजे स्वतःच्या ख्यातीवर नांगर फिरवणं. नागोराव आत तोंड घालून कुजबुजले, "बसण्याचा थोडा... म्हणजे बसलं की मग..."

"बसायचा त्रास?" बाबूचा आवाज स्टँडवरच्या भोंग्यापेक्षा खणखणीत होता. "किती दिवसांपासून? रक्त जाते का?"

रांग एका माणसासारखी वळून पाहू लागली. नागोरावांनी घाईघाईनं चिठ्ठी घेतली आणि त्यावर लिहिलेल्या नऊ नंबरच्या खोलीपुढे जाऊन बसले. तिथली सगळी माणसं एका कुशीवर बसलेली होती. नागोराव सरळ बसले, तेव्हा शेजारचा सहानुभूतीनं म्हणाला, "तुमची आता सुरुवात दिसते." आत डॉक्टरांनी न पाहताच "लुंगी सोडा, पालथे व्हा" म्हटलं आणि हातमोजे चढवले. त्या हातमोज्यांचा चटकन आवाज झाला आणि नागोरावांच्या तोंडून गेल्या दोन महिन्यांत घराबाहेर न निघालेलं सत्य एका दमात बाहेर पडलं.

"गुडघा! डॉक्टर, गुडघा! मले खालून उठता येत नाही!"

डॉक्टरांनी त्यांना चौदा नंबरला पाठवलं. चौदा नंबर फक्त मंगळवारी उघडत असे. त्या दिवशी बुधवार होता. आणि मंगळवारी गेले तेव्हा कळलं की जुन्या चिठ्ठीवर नऊ नंबरचा शिक्का असल्यानं नवीन चिठ्ठी लागेल. खिडकीत तोच बाबू होता. त्यानं नागोरावांना ओळखलं आणि मोठ्यानं विचारलं, "काय काका, मूळव्याध बरी झाली?"

चौदा नंबरमध्ये निकिता नावाची फिजिओथेरपिस्ट होती, त्यांच्या नातीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. तिनं त्यांना चटईवर बसवलं आणि म्हणाली, "आता उठा." नागोरावांनी भिंतीकडे पाहिलं. ती भिंतीच्या आणि त्यांच्या मधे येऊन उभी राहिली. पाच मिनिटांनी तिनंच हात दिला.

"काका, गुडघा झिजलाय थोडा, पण खरा दोष मांड्यांचा आहे. तुम्ही खाली बसणं सोडलंत, म्हणून त्या उठायचं विसरल्या. ऐंशीव्या वर्षी बाथरूममध्ये पडलात आणि घरी कोणी नसलं, तर हेच एक उठणं कामी येईल. औषध नाही. रोज करायचं."

रोज करायचं ते असं: खुर्चीवरून हात न लावता दहादा उठायचं. ओट्याला धरून टाचा उचलायच्या. जेवण जमिनीवर. आणि मग ते मुख्य उठणं. आधी एका अंगावर वळायचं, तळवे टेकायचे, गुडघे टेकायचे, चार पायांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, मांडीवर हात दाबून वर.

"गाय उठताना पाहिली ना? घाई करत नाही ती," निकिता म्हणाली.

नागोरावांनी गाय पाहिली होती. गाय व्हायचं मात्र त्यांच्या नियोजनात नव्हतं. पण त्यांनी केलं. रोज सकाळी समोरच्या खोलीत चटई टाकून वानखडे साहेब चार पायांवर येत आणि कौसल्याबाई स्वयंपाकघरातून ओरडत, "डावा पाय पुढे! डावा म्हणून राह्यली मी, तो उजवा आहे!" तीन आठवड्यांनी ते पलंगाचा पाय धरून उठू लागले. पाच आठवड्यांनी पलंगाला नुसतं बोट लावून. बोट काढलं की मात्र मागे बसत.

अशाच एका सकाळी दार नुसतं लोटलेलं होतं आणि घनश्याम समितीची माणसं घेऊन आत आला. नागोराव चार पायांवर होते, तोंड देव्हाऱ्याच्या दिशेला, कपाळ चटईवर, कारण दम लागला होता. समिती दारातच थबकली. सगळ्यांनी चपला काढल्या.

"पाह्यलं?" घनश्याम दबक्या आवाजात म्हणाला. "अन् आपन लोकाईले विचारत फिरतो, पहिल्या ओळीत कोन बसन!"

मंदिरात सात दिवसांचं पारायण होतं, रोज तीन तास. पहिल्या ओळीत नागोरावांनी बसायचं ठरलं. त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्या अवस्थेत माणसाचं नकार देणं तितकं वजनदार वाटत नाही.

सहा दिवस निभावलं. सभामंडपात उजवीकडून दुसरा खांब होता. नागोराव तासभर आधी जाऊन तो गाठत आणि सगळे गेल्यावर त्याला कवटाळून उठत. सातव्या दिवशी समारोप. नागोराव लवकर गेले, आणि पाहतात तो खांबांना केळीचे खुंट बांधलेले, वरून झेंडू, त्यावरून विजेच्या माळा. तारेला हात लावू नये अशी पाटीसुद्धा होती. ते आधाराविना बसले.

समारोपाला मंडप गच्च भरला. घनश्यामनं माईक हातात घेतला. "आज समितीनं एक सत्कार ठेवला आहे. आदर्श श्रोता. हा मानूस माह्या मायच्या दुःखात सगळ्यात शेवटी उठला. इथे सहा दिवस सगळ्यात शेवटी उठला. श्री. नागोराव वानखडे यांनी मंचावर यावं."

टाळ्या वाजल्या. मंच आठ पावलांवर होता. नागोरावांनी आधी हात जोडले. कोणी हार इथेच आणून घालतं का पाहिलं. कोणी आणला नाही. टाळ्या थांबल्या. चारशे माणसं वाट पाहत होती.

ते अंगावर वळले. तळवे टेकले. चार पायांवर आले.

"पाहा!" घनश्यामचा आवाज माईकवर भरून आला. "रांगत येऊन राह्यला देवाच्या दारी!"

बायकांमधून कोणी तरी 'धन्य' म्हणालं. नागोरावांनी कोणाकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी श्वास घेतला, डावा पाय उचलला, पुढे रोवला, मांडीवर हात ठेवला. उठत होते. अंतर राहिलं होतं फार तर वीतभर. तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एका भाविकाला वाटलं, अशा पुण्यवान माणसाचे पाय आयते हातात आले आहेत. त्यानं दोन्ही हातांनी उजवं पाऊल धरून त्यावर डोकं ठेवलं.

नागोराव धप्पकन खाली बसले.

दोघंतिघं उचलायला धावले. नागोरावांनी हात वर करून थांबवलं आणि माईक मागितला. माईक हातात आल्यावर एकतीस वर्षांची सवय आपोआप बोलली.

"सर्वांनी कृपया लक्ष द्यावं." मग त्यांनी खाकरून सुरुवात केली. "मी साधू नाही. भक्त आहे, पण तुमच्यासारखाच, बेताचा. मी सगळ्यात शेवटी उठतो, कारण मले उठताच येत नाही. आधार लागते. आता जमत आलं होतं, तर यांनी पाय धरला."

भाविकानं झटकन हात मागे घेतले. मग पहिल्या ओळीतून रुपीबाईंचा आवाज आला. त्या सत्तरीच्या, सात दिवस नागोरावांच्या पलीकडेच बसत.

"मले बी नाई येत, बापा. मी म्हटलं, हा मानूस उठन तं याच्या हाताले धरून उठू. सहा दिवस वाट पाह्यली, अन् रोज शेवटी पोरानं येऊन उचललं."

आधी एक हसू फुटलं, मग दहा, मग सगळा मंडप. आणखी तीन म्हाताऱ्यांनी हात वर केले. पारायण सांगणारे बुवासुद्धा हसले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. फक्त एक माणूस हसत नव्हता. घनश्यामनं शाल घडी करून टेबलावर ठेवली आणि तो मंचाच्या मागच्या पायऱ्यांनी निघून गेला.

नागोरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. लोकांपुढे फजिती झाली याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. ती झाल्यावर उलट मोकळं वाटत होतं. पण घनश्याम पाठ फिरवून गेला, ते डोळ्यांपुढून हलेना. फोन केला, उचलला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

"फोनानं नाई होत असं," कौसल्याबाई म्हणाल्या. "जाऊन या."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते चालत गेले. घनश्याम ओसरीत खुर्चीवर पेपर वाचत होता. नागोरावांनी रामराम केला. पेपर हलला नाही. दुसरी खुर्ची रिकामी होती. नागोराव तिच्यावर न बसता ओसरीच्या मधोमध खाली फरशीवर बसले.

पेपरची दोन पानं उलटली.

"तिथं भिंत नाई," पेपरमागून आवाज आला.

"पाह्यलं मी."

"मी नाई येनार उचलाले."

"नको येऊ." नागोरावांनी गुडघा चोळला. "घनश्या, तुही माय दर सोमवारी स्टँडवर येऊन माह्या खिडकीत विचारे, 'पुसदची गाडी कधी?' जायचं कुठंच नसे तिले. मी भोंग्यावर गाडी पुकारली की खूश होऊन घरी जाये. त्या दिवशी पहिला अर्धा घंटा मी तिच्यासाठीच बसलो होतो. बाकीचे दोन घंटे गुडघ्याचे."

पेपर खाली आला. घनश्यामचे डोळे लाल होते.

"अन् गळ्यात पडून रडला ते?"

नागोरावांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "ते दोघाईचं होतं."

घनश्यामनं बाहीनं नाक पुसलं. मग रुक्षपणे म्हणाला, "झालं सांगून? आता उठ अन् जा."

नागोराव एका अंगावर वळले. तळवे टेकले, गुडघे टेकले. फरशी थंड होती. डावा पाय पुढे रोवला, मांडीवर हात दाबला. मांडी थरथरली. पाय धरायला इथे कोणी नव्हतं, सावरायलाही नव्हतं. ते वर आले, एकदा डुलले आणि उभे राहिले. कोणाचाही, कशाचाही आधार न घेता. घनश्याम तोंड उघडं टाकून पाहत होता.

नागोरावांनी फाटकाकडे पाहिलं. मग ते परत खाली बसले.

"आता कायले बसला?"

"आता उठता येते," नागोराव म्हणाले. "म्हणून बसलो."

घनश्याम पेपरची घडी करत राहिला, लागते त्यापेक्षा जास्त वेळ. मग त्यानं आत हाक मारून दोन चहा सांगितले, खुर्चीचे दोन्ही हात धरले आणि कण्हत, कुथत नागोरावांच्या शेजारी फरशीवर येऊन बसला. सून चहा ठेवून गेली. दोघांनी तो बशीत ओतून, फुंकून प्यायला. आईच्या गोष्टी निघाल्या, स्टँडच्या निघाल्या, पाय धरणाऱ्या भाविकाची निघाली तेव्हा घनश्यामला ठसका लागला. ऊन ओसरीच्या काठापर्यंत आलं.

"चाल, आंघोळ राह्यली माही," म्हणून घनश्यामनं जमिनीला हात टेकला. मग दुसरा टेकला. कंबर दोन बोटं उचलली आणि परत ठेवली. त्यानं डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"नागोराव. सुनेले नोको सांगजो."

नागोरावांनी बशी बाजूला सरकवली.

"पहिले डाव्या अंगावर वळ," ते म्हणाले. "घाई करू नोको. मी बसलोच आहो."